टाकवत नाही, ठेवायला जागा नाही

माझ्याकडे येणाऱ्या फोनमध्ये हल्ली एक ओळखीचा सूर असतो. वाडा बिल्डरकडे गेला, गावचं घर विकायला काढलं, किंवा आई गेली आणि तिची खोली रिकामी करायची आहे. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "एक कपाट आहे. टाकवत नाही, पण फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही. येऊन बघून जाता का?"

मी पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते. सुरुवातीला मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, प्लायवुडचे वॉर्डरोब हेच काम होतं. जुन्या फर्निचरची दुरुस्ती एका घराच्या निमित्ताने हाती आली आणि पुढे तीच माझी आवड झाली. आता निम्म्याहून जास्त घरांत एखादी तरी जुनी वस्तू बसवायची असते.

बघायला गेले की मी आधी माणसं काय म्हणतात ते ऐकते, वस्तूकडे नंतर वळते. "शोभेला ठेवू" असं कुणी म्हणालं की मला त्या वस्तूची काळजी वाटायला लागते. शोभेला आणलेली वस्तू आधी कोपऱ्यात सरकते, मग गच्चीत किंवा पार्किंगमध्ये जाते आणि एका पावसाळ्यानंतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. हे मी इतक्या घरांत पाहिलंय, की माझा पहिला प्रश्न आता एकच असतो: यात रोज काय ठेवणार? यावर कोण बसणार? उत्तर मिळालं तर पुढचं सगळं जमतं. लाकडाला कीड असली, पाय मोडका असला, वेत फाटलेला असला तरी त्यावर उपाय आहे. कामच नसलेल्या वस्तूवर मला आजवर उपाय सापडलेला नाही.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून निघालेलं कपाट बाणेरला दहाव्या मजल्यावर न्यायचं होतं. सागवानी, दोन काचेची दारं, खाली दोन ड्रॉवर, माथ्यावर कोरीव मुकुट. उंची साडेसात फूट, रुंदी चार फुटांच्या वर. आणि सगळ्यावर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. नवरा-बायको दोघंही आयटीतली, कपाट नवऱ्याच्या आत्याच्या लहानपणापासूनचं. आत्या स्वतः हजर होत्या. बहुतेक लिफ्टचं दार ८०० मिलिमीटरचं असतं, म्हणजे अडीच फुटांपेक्षा जेमतेम जास्त. नवऱ्याने मोबाइलवर मापं टाकून आधीच निकाल लावला होता, की हे जाणार नाही, कापावं लागेल.

माझ्याबरोबरचे मिस्त्री सत्तरीला आलेले आहेत. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, पाठीवरून तळवा फिरवला, ड्रॉवर ओढून त्याच्या तळाशी नाक नेलं आणि म्हणाले, "ताई, हे सुटं होणारं आहे. याला कुठं खिळा नाय मारलेला."

तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण तसं काम आता फारसं बघायला मिळत नाही. मुकुट नुसता माथ्यावर बसवलेला होता, दोघांनी सरळ वर उचलला आणि हातात आला. मग दारं. पितळी बिजागऱ्यांचे स्क्रू रंगाने बुजले होते. मिस्त्रींनी प्रत्येक स्क्रूची खाच टोकदार सळईने आधी मोकळी केली आणि मगच पेचकस लावला. घाई केली की खाच झिजते आणि मग तो स्क्रू निघतच नाही. चौकटीचे सांधे कुसू-भोकाचे, म्हणजे एका लाकडाचं टोक (कुसू) दुसऱ्याच्या भोकात; कुसू आरपार काढलेलं आणि बाहेरून त्यात लाकडी पाचर. पाचर उलट्या अंगाने मोगरीने हलकेच ठोकली की सांधा सैल होतो. पाठीच्या फळ्या खाचेत सरकवलेल्या होत्या, वरून एकेक ओढून काढायच्या. दुपारपर्यंत वाड्याच्या सोप्यात कपाटाच्या जागी फळ्यांची रांग उभी राहिली.

मी खडूने आकडे घालायला पुढे झाले तर मिस्त्रींनी थांबवलं. सांध्यांच्या आतल्या बाजूला पटाशीने मारलेल्या खुणा आधीपासूनच होत्या. एका कोपऱ्यात एक रेघ, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन. कुसवावर जी खूण, तीच त्याच्या भोकाशेजारी. घडवणाऱ्या सुताराने कपाट आपल्या जागेत जुळवून पाहिलं, सुटं केलं आणि वाड्यात आणून पुन्हा उभं केलं असणार. त्यासाठी या खुणा. हाताने केलेला प्रत्येक सांधा आपापल्या जोडीचाच असतो, अदलाबदल चालत नाही. बाणेरच्या फ्लॅटमध्ये आम्ही ते याच खुणांवरून उभं केलं. माझ्या खडूच्या आकड्यांची गरज पडली नाही.

मधलं काम मात्र बराच काळ चाललं, आणि त्यात मुख्य भाग होता रंग काढण्याचा. याबाबत मी फार कडक आहे. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ होते, ती श्वासातून आणि हातावरून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो. त्यामुळे राहत्या घरात काचकागद किंवा सँडर मशीन लावून जुना रंग घासायला मी कुणालाही देत नाही. वस्तू कारखान्यात आणायची, रंग सोडवणारं रसायन लावून ओला असतानाच खरवडायचा, निघालेला चिखल वर्तमानपत्रात गोळा करायचा, मोरीत सोडायचा नाही. काही कारागीर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात अख्खी वस्तू बुडवतात. रंग झटकन निघतो खरा, पण साग काळा पडतो आणि सांध्यातला सरस विरघळून सगळं खिळखिळं होतं.

पिस्ता रंगाखाली आकाशी निघाला, त्याखाली तांबडं प्रायमर आणि त्याखाली साग. दाराच्या चौकटीला आतल्या बाजूने रंग लावलेलाच नव्हता. तिथे शिसपेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशोब होता: तारखा, पाव, अर्धा, आणि दोन ठिकाणी "खाडा". कुण्या घरधनिणीने उभ्या-उभ्या लिहिलेलं अक्षर. मिस्त्रींचा हात सवयीने रंध्याकडे गेला. मी म्हटलं, "आतून रंधा नको." तेही लगेच थांबले. तेवढ्या भागावर लाखेचे दोन पातळ हात दिले, हिशोब त्याखाली तसाच आहे. आत्याबाईंनी तो वाचला आणि अक्षर आपल्या काकूचं असल्याचं सांगितलं.

रंधा मारायचा नाही, हे माझ्या दुरुस्तीचं धोरण म्हणा हवं तर. जुन्या सागाच्या पृष्ठभागाला जो तांबूस-तपकिरी रंग येतो तो उजेडाने, हवेने आणि हाताळण्याने आलेला असतो, आणि त्याची जाडी फारच थोडी असते. रंध्याने किंवा पट्ट्याच्या सँडरने दोन फेऱ्या मारल्या की खालून पिवळट नवं लाकूड निघतं. मग त्यावर डाय मारून जुना रंग आणण्याची धडपड होते. ज्या घरमालकाला सगळं गुळगुळीत, एकसारखं, चकचकीत हवं असतं, त्याला मी स्पष्ट सांगते की मग नवं करून घ्या, ते जास्त चांगलं होईल. पाटाचा घासलेला कोपरा, ड्रॉवरच्या मुठीभोवतीचा काळसर डाग, हे मी राहू देते. दुरुस्ती म्हणजे जिथे वस्तू काम करत नाही तिथे तिला कामाची करणं.

या कपाटात काम करत नसलेली जागा होती खालची. वर्षानुवर्षं फरशी पुसताना पायांना पाणी लागून एक पाय कुजला होता, आणि ड्रॉवरच्या मागच्या फळीला भुंगा लागला होता. वाळवी आणि भुंगा यांत लोकांची गल्लत होते. वाळवी ओलाव्यातून, मातीच्या नळ्या करत येते आणि लाकूड आतून थरांनी खाते. भुंग्याची भोकं गोल, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि खाली पिठासारखा भुगा पडलेला. सागाच्या गाभ्याला दोन्ही सहसा शिवत नाहीत, पण सुताराने काटकसरीने बाहेरची फिकट कच्ची बाजू ठेवली असेल तर तिथे कीड हमखास येते. भोकांत सिरिंजने औषध सोडायचं, वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची, भोकं रंग जुळवलेल्या मेणाने बुजवायची आणि काही महिने खाली काळा कागद पसरून ठेवायचा. नवा भुगा दिसला तर पुन्हा औषध. कुजलेल्या पायाला जोड द्यायचा तो जुन्याच सागाचा. वाडे पाडणाऱ्या कंत्राटदारांकडून मी मोडक्या चौकटी, कडीपाटाचे तुकडे घेऊन ठेवते. जुन्या लाकडाला जुन्याचाच जोड बसतो, कारण दोन्ही वाळून आकसायची ती आकसून झालेली असतात.

आणि जोड सरसाने. फेव्हिकॉल १९५९ साली आलं. त्याआधी आपले सुतार सरस उकळून वापरत. फेव्हिकॉलने सुतारकाम सोपं आणि भक्कम केलं, नव्या कामात मी तेच वापरते. पण सरसाचा सांधा वाफ आणि उष्णता दिली की सुटतो, म्हणजे पुढे कुणाला तो पुन्हा दुरुस्त करता येतो. फेव्हिकॉलचा सांधा सोडवताना बहुतेक वेळा लाकूडच फाटतं. त्यामुळे जुन्या कामात हट्टाने सरस. त्याचा वास कारखान्यात दोन दिवस राहतो, मला आता तो वाईट वाटत नाही.

पॉलिशवरून मात्र घरमालकांशी नेहमी वाद होतो. आजकाल सगळ्यांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन हवं असतं. काचेसारखं होतं, पाणी पडलं तरी डाग पडत नाही, गरम कप ठेवता येतो. खरं आहे. डायनिंग टेबलाच्या वरच्या फळीला मी पीयूला हरकत घेत नाही. पण कपाट, खुर्ची, आरशाची चौकट यांना चपडा लाखच. लाखेची पातळ पापडी रात्रभर स्पिरिटमध्ये विरघळवायची, गाळायची, कापसाचा बोळा मलमलीत बांधून गोल-गोल फिरवत हात द्यायचे. बोळा चिकटू नये म्हणून जवसाच्या तेलाचा थेंब. एक हात वाळला की दुसरा, मध्ये झिजलेल्या काचकागदाचा हलका स्पर्श. पावसाच्या दिवसांत हे काम मिस्त्री बंद ठेवतात, कारण स्पिरिट उडताना हवेतला दमटपणा ओढला जातो आणि पॉलिशवर दुधी झाक येते. लाखेचं पॉलिश नाजूक आहे, गरम भांड्याने त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं. पण स्पिरिटचा ओला बोळा फिरवला की तेवढीच जागा पुन्हा दुरुस्त होते, आणि ही गोष्ट घरच्या माणसाला शिकवता येते. पीयूला चरा पडला की सहसा अख्खा भाग खरवडून नव्याने करावा लागतो. मी घरमालकांना लाखेची लहान बाटली आणि मलमलीचा तुकडा देऊन ठेवते. बाणेरच्या सूनबाई आता स्वतः डाग काढतात.

त्या कपाटाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण नव्या घरात जागा शोधणं हाच आमच्या धंद्याचा खरा भाग. पहिला विचार बेडरूमचा होता. पण जुनी कपाटं घडीच्या कपड्यांसाठी केलेली असतात, त्यांची खोली सोळा ते अठरा इंच. आजच्या हँगरला बावीस-चोवीस इंच लागतात. मागे-पुढे सरकणारा दांडा लावून ही अडचण सुटते, पण दारांना काच, म्हणजे कपडे दिसणार. शिवाय बेडरूमच्या फॉल्स सीलिंगने उंची इतकी खाल्ली होती, की मुकुट बसवायला हात शिरला नसता. शेवटी स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यामधल्या भिंतीवर ते उभं राहिलं. तिथे सीलिंग मी केलंच नाही. आत्या म्हणाल्या, वाड्यात यात लोणच्याच्या बरण्या आणि पितळी डबे असायचे. आता रोजची ताटं-वाट्या, डाळींचे डबे आणि ड्रॉवरमध्ये टेबलाच्या चादरी आहेत. दिवसातून वीसदा दार उघडतं. पायांखाली पितळी बूट घातले, म्हणजे फरशी पुसताना ओल लागत नाही. जमीन नीट पातळीत नसेल तर काचेची दारं घासतात, म्हणून एका पायाखाली सागाची पातळ चकती आहे.

जुन्या लाकडाला नव्या घरात मारक ठरतो तो एसी. पूर्वीच्या घरात हवा बाहेरच्या ऋतूबरोबर बदलायची, हळूहळू. बंद खोलीत रात्रभर एसी चालला की हवा कोरडी होते, दिवसा खिडकी उघडली की पुन्हा दमट. लाकूड आडव्या अंगाने आकसतं आणि फुगतं, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून दाराची मधली फळी ते खाचेत मोकळी ठेवत, चिकटवत नसत. कुणी "दार खडखडतं" म्हणून त्या खाचेत फेव्हिकॉल भरलं, की पुढच्या उन्हाळ्यात फळी मधोमध चिरते. एसीच्या झोताच्या थेट समोर आणि पश्चिमेच्या उन्हाच्या पट्ट्यात जुनी वस्तू ठेवू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ. दिव्यांचंही तसंच. पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली लाखेचं पॉलिश मातकट दिसतं. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला की सागाची नस दिसू लागते. आणि एका खोलीत जुन्या वस्तू एक किंवा दोन, त्याहून जास्त नकोत. बाकीचं फर्निचर साधं, सरळ रेषांचं, फिकट. सगळी खोली जुन्याने भरली की ती राहण्याची जागा वाटत नाही.

मुंबईच्या कामांत इराण्याच्या हॉटेलातल्या खुर्च्या फार येतात. हॉटेलं एकेक करून बंद होत गेली आणि खुर्च्या चोरबाजारात आल्या. गोल बैठक, वाकवलेली पाठ, चहाच्या टेबलाभोवती चार. या खुर्चीचं कूळ थेट युरोपातलं आहे. मायकेल थोनेट याने १८५९ साली बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवलं आणि १४ नंबरची खुर्ची केली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसत आणि जहाजाने जगभर जात. आपल्याकडे आलेल्या सगळ्याच त्याच्या कारखान्यातल्या नाहीत, त्या घडणीच्या खुर्च्या इतरांनीही भरपूर केल्या. बीच आपल्याकडे होत नाही आणि त्याला भुंगा लवकर लागतो, त्यामुळे बैठकीखालचं कडं आधी तपासायचं. तडकलेलं कडं सागाच्या तुकड्यांनी जोडता येतं, दिसायला ते जोडच दिसतं, आणि मी ते लपवत नाही. एवढी हलकी खुर्ची नव्या कंपन्यांना आजही सहसा जमत नाही. लहान फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलाला यापेक्षा योग्य खुर्ची मला माहीत नाही: एका हाताने उचलते, जागा अडवत नाही, पाहुणे आले की बेडरूममध्येही नेता येते.

वेताच्या कामाबद्दल मात्र मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं. आरामखुर्चीची किंवा साध्या खुर्चीची बैठक फाटली, की आज दुकानदार तयार विणलेल्या जाळीचा ताव आणतो, चौकटीत खाच पाडतो आणि काठाला पट्टी ठोकून ताव बसवतो. काम तासाभरात होतं. पण जुन्या खुर्चीच्या चौकटीत एकेक भोक पाडलेलं असतं, दोर प्रत्येक भोकातून ओवून विणलेला असतो. त्या चौकटीत खाच पाडली की ती कमकुवत होते आणि हाताची वीण पुन्हा कधी करता येत नाही. हाताच्या विणीला आधी उभे दोर, मग आडवे, मग पुन्हा उभे, मग आडवे वर-खाली ओवत, आणि शेवटी दोन्ही तिरपे. आठ कोनी भोकांची जाळी तयार होते. वेत पाण्यात भिजवून घेतात, वाळला की तो ताणला जातो आणि बैठक ढोलकीसारखी टणक होते. ही वीण डोळ्यांपेक्षा बोटांची आहे. अंध शाळांमधून आणि संस्थांमधून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, ते उगाच नाही. माझ्यासाठी विणणारे काका पूर्ण अंध आहेत. खुर्ची हातात घेतली की ते आधी भोकं चाचपून मोजतात, पुढच्या कडेला दोन जास्त असली की चौकट किंचित पसरट आहे हे लगेच सांगतात, आणि कोणत्या भोकात दोर थांबवायचा ते ठरवूनच सुरुवात करतात. घरमालकांना मी एवढंच सांगते, की बैठक सैल पडली तर खालून गरम पाण्याचा फडका फिरवा आणि सावलीत वाळू द्या, ती पुन्हा ताणली जाते. आणि बल्ब बदलायला तिच्यावर उभं राहू नका.

ज्यांच्याकडे वाडवडिलांचं काही नाही, त्यांना बाजार दाखवावा लागतो. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोरबाजारातला मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीच्या बाजूचं ओशिवरा. मी ओशिवऱ्याला जास्त जाते, तिथे वस्तूला उलटंपालटं करून बघू देतात. उलटं केल्याशिवाय मी काहीच घेत नाही. वरची बाजू कुणीही जुनी करू शकतो. आंब्याच्या नव्या लाकडावर डाय मारून, साखळीने ठोकून, "अँटीक" म्हणून विकायचं तंत्र फार पुढे गेलेलं आहे. पण ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. हाताने केलेले डव्हटेल सांधे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, एक जाड एक बारीक असतात, आणि कडेला सुताराने आखलेली रेघ दिसते. तळाच्या फळीवर हाताच्या आऱ्याच्या सरळ, किंचित वेड्यावाकड्या रेघा असतात, गोल करवतीच्या अर्धवर्तुळाकार रेघा म्हणजे यंत्राचं काम. ज्या कडेवर ड्रॉवर घासतो ती झिजलेली असायला हवी, न झिजलेली असेल तर तो ड्रॉवर पन्नास वर्षं उघडलेला नाही. आणि वास. जुन्या सागाचा वास फारच मंद असतो, ताजा रंग आणि थिनर नाकाला लागला की बाकी चौकशी करायची गरज नसते.

परदेशी राहणारी मुलं एखादी खुर्ची किंवा पेटारा तिकडे न्यायचं म्हणतात, त्यांना कायदा सांगावा लागतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिसवीची वस्तू असेल तर आणखी एक गोष्ट: २०१७ पासून शिसवाचं सगळं कूळच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे. पाठवायच्या आधी वस्तू किती जुनी आहे आणि लाकूड कोणतं आहे हे जाणकाराकडून लिहून घ्या, कागदपत्रं करा.

काही मागण्या मी घेत नाही. शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर वॉशबेसिन, दारांच्या फळ्या आडव्या करून टीपॉय, पाळण्यात कुंड्या. यंत्र खरोखरच मेलेलं असेल, दाराचा वाडाच उरलेला नसेल तर त्या लाकडाला दुसरं काम मिळणं चांगलंच. पण चालू शिवणयंत्र केवळ पायांसाठी मोडायला आणतात तेव्हा मी आधी तेल घालून ते चालवून दाखवते. बऱ्याचदा तेवढ्याने मत बदलतं. तसंच मुनीमजींच्या उतरत्या डेस्कचं. लोक ते भिंतीवर टांगायला बघतात. तेच दिवाणावर मांडीसमोर ठेवलं की लॅपटॉप त्या उतरणीवर नेमका बसतो, पेनं झाकणाखालच्या कप्प्यात जातात. एका घरात सकाळी आजी त्यावर पोथी ठेवतात आणि दुपारी नात अभ्यास करते.

लोखंडी गोदरेजचं कपाटही मी जुन्यातच धरते. त्यांचं स्टोरवेल कपाट १९२३ पासूनचं. लोकांना ते दवाखान्यासारखं वाटतं म्हणून टाकायला निघतात. कुलूप नीट करून, गंज घासून, भिंतीच्या रंगाशी जुळणारा फवारा मारून घेतला की नव्या बेडरूममध्ये ते बेमालूम बसतं, आणि पार्टिकल बोर्डचं कोणतंही कपाट त्याच्यापुढे वर्षानुवर्षं टिकणार नाही.

खर्चाचं मात्र गोड बोलून चालत नाही. नीट दुरुस्ती केलेली जुनी वस्तू पुष्कळदा नव्यापेक्षा महाग पडते. लाकूड फुकट मिळालेलं असतं, पण मजुरी हातांची असते आणि ती असायलाच हवी. मिस्त्रींचा मुलगा मॉड्युलर किचनच्या कारखान्यात आहे. तिथे फळी यंत्र कापतं आणि पगार महिन्याच्या महिन्याला होतो, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. मी मात्र गेल्या काही वर्षांपासून घरमालकांच्या अंदाजपत्रकात शिकाऊ कारागिराची रोजी वेगळी लावते आणि कशासाठी ते सांगते. बहुतेक जण देतात. सध्या मिस्त्रींच्या हाताखाली आयटीआय झालेला एक मुलगा आहे, कुसू कापण्यात त्याचा हात चांगला बसलाय, पॉलिशला अजून वेळ आहे.

आत्ता त्याच्यासमोर मच्छरदाणीच्या खांबांचा एक शिसवी पलंग आहे. पलंग बहात्तर इंचांचा, घरमालकांना अठ्ठ्याहत्तर इंचांची गादी घालायची आहे. जुन्या लांब पट्ट्या जोड देऊन वाढवायच्या की नव्या करायच्या यावर आमची चर्चा झाली. नव्या करायचं ठरलं, सागाच्या, रंग जुळवून. जुन्या पट्ट्या न कापता, कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून पलंगाच्या खालीच बांधून द्यायच्या, म्हणजे कुणाला मूळ पलंग परत हवा असेल तर तो मिळेल. आणि नव्या पट्टीच्या आतल्या अंगाला पोराने पेन्सिलीने "नवी" असं लिहून साल घालायचं, असं मी त्याला सांगून ठेवलंय. पुढे जो कुणी हा पलंग दुरुस्तीला उघडेल त्याला जुनं कोणतं आणि आमचं कोणतं, हे शोधत बसावं लागू नये.